क्यूबाची जुनी शहरं स्वतंत्रपणे फिरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टूर कंपनीशिवाय, स्वतः आखणी करून हवाना, त्रिनिदाद, कामाग्वे, सांतियागो फिरू पाहणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक माहिती, पुढे अडचणीचे अपवाद. एका उत्तरातली माहिती दुसरीकडे लागते तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. क्यूबात वसाहतकालीन शहरं बरीच आहेत. त्यांच्यात फरक काय? सगळी सारखीच दिसत नाहीत का?

अजिबात नाही. स्पॅनिश सेनानी दिएगो वेलास्केसने 1511 ते 1515 या काळात सात वस्त्या वसवल्या: बाराकोआ, बायामो, त्रिनिदाद, सांक्ती स्पिरितुस, हवाना, कामाग्वे (तेव्हाचं पुएर्तो प्रिन्सिपे) आणि सांतियागो. हवाना नंतर हलली आणि 1519 मध्ये आजच्या जागी स्थिरावली. शहरांचे रस्ते काटकोनात आखावेत हा स्पेनच्या राजाचा सविस्तर आदेश 1573 चा आहे. ही शहरं त्याच्या आधीची. त्यामुळे त्रिनिदाद आणि कामाग्वेत गल्ल्या वाकड्यातिकड्या आहेत. कामाग्वेत तर त्या इतक्या गुंतलेल्या आहेत की दोनदा वळलं की दिशा हरवते. याउलट सिएनफुएगोस 1819 मध्ये फ्रेंच वसाहतवाल्यांनी वसवलं, म्हणून ते पट्टीने आखल्यासारखं सरळ आहे. हे तीन नकाशे लागोपाठ पायी अनुभवले तर तीनशे वर्षांचा नगररचनेचा इतिहास आपोआप समजतो.

जागतिक वारसा यादीत जुनी हवाना व तिची तटबंदी (1982), त्रिनिदाद व साखर कारखान्यांचं खोरं (1988), सांतियागोचा सान पेद्रो दे ला रोका किल्ला (1997), सिएनफुएगोस (2005) आणि कामाग्वे (2008) आहेत. सर्वांत कमी कौतुक वाट्याला आलेलं शहर कामाग्वे. वेळ असेल तर ते गाळू नका.

2. जुनं गोवा आणि पणजीचं फोंतेन्हास पाहिलंय. तिथे वेगळं काय दिसेल?

घराचा स्वभावच वेगळा. गोव्यातलं जुनं घर पुढच्या बलकांवातून (बसायच्या ओसरीतून) रस्त्याशी बोलतं आणि त्याच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं असतात. क्यूबातलं जुनं घर बाहेरून जवळजवळ कोरी भिंत असतं. सगळं आयुष्य आतल्या अंगणाभोवती. रस्त्याकडे असतात फक्त जमिनीपासून छताजवळ पोहोचणाऱ्या उंच खिडक्या, लाकडी किंवा लोखंडी गजांच्या. दारांवर अर्धवर्तुळाकार रंगीत काचा असतात. त्यांनी ऊन गाळून आत येतं. दुपारी दार उघडं दिसलं आणि घरमालकाने हात केला तर आत डोकावून पाहा. खरी वास्तू अंगणात आहे. कामाग्वेत त्याच अंगणात तिनाहोन नावाचे मातीचे प्रचंड रांजण दिसतील. त्या शहराला पाण्याची कायम चणचण, म्हणून छपरावरचं पावसाचं पाणी त्यांत साठवत.

3. किती दिवस लागतील?

आठवडाच असेल तर हवानात तीन रात्री, सिएनफुएगोसमध्ये एक, त्रिनिदादला दोन आणि परतीच्या आदल्या रात्री पुन्हा हवाना. दोन आठवडे असतील तर त्रिनिदादनंतर कामाग्वे (दोन रात्री) आणि सांतियागो (तीन रात्री) जोडा. हवाना ते सांतियागो सुमारे 870 किलोमीटर आहे आणि बस पंधरा-सोळा तास घेते. एका आठवड्यात सांतियागो घालणारे लोक निम्मी सहल बसमध्ये काढतात.

कितीही दिवस असले तरी एक पूर्ण दिवस मोकळा ठेवाच. इथे बस रद्द होते, इंधन संपतं, वीज जाते. मोकळा दिवस असला की ही गैरसोय असते, नसला की परतीचं विमान चुकतं. परतीच्या आदल्या रात्री तुम्ही हवानात असायलाच हवं.

4. कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा आणि सुसह्य. चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत धोक्याचे. पूर्व टोकाला ऑक्टोबर 2024 मध्ये ‘ऑस्कर’ आणि ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस ‘मेलिसा’ आदळलं. सांतियागोचं कार्निव्हल मात्र जुलैत असतं. त्यासाठी जाणाऱ्यांनी उकाडा आणि पाऊस गृहीत धरावा. 24 डिसेंबरला रेमेदिओस गावात दोन मोहल्ल्यांमध्ये आतषबाजी आणि चित्ररथांची रात्रभर चढाओढ चालते, तिला पार्रान्दा म्हणतात. त्या रात्रीची खोली कित्येक महिने आधी धरावी लागते.

5. भारतीय पासपोर्टवर व्हिसा कसा मिळतो?

पूर्वीच्या कागदी पर्यटक कार्डाची जागा आता ई-व्हिसाने घेतली आहे. चौकशी आणि अर्ज नवी दिल्लीतल्या क्यूबाच्या दूतावासाकडे करा. दलालाकडून जुनं कागदी कार्ड विकत घेऊ नका. क्रम असा:

1. आधी ई-व्हिसा.
2. मग प्रवासाच्या आधीच्या सात दिवसांत ‘डी-वियाहेरोस’ हा ऑनलाइन प्रवेश अर्ज. तो मोफत आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही.
3. त्यातून येणारा क्यूआर कोड कागदावर छापून घ्या. चेक-इनलाच तो मागतात.

वैद्यकीय खर्च भरून देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे. पॉलिसीवर क्यूबा चालतं का ते आधी तपासा. अमेरिकेशी जोडलेल्या काही विमा कंपन्या क्यूबातला खर्च देत नाहीत.

6. भारतातून थेट विमान नाही. मग कुठून जावं?

माद्रिद, पॅरिस, इस्तंबूल हे नेहमीचे मार्ग. इंधनटंचाईच्या काळात कंपन्या हवानाची उड्डाणं अचानक कमी किंवा बंद करतात, म्हणून तारीख बदलता येईल किंवा पैसे परत मिळतील असंच तिकीट घ्या आणि निघण्याआधी उड्डाण चालू आहे ना, ते कंपनीकडून पक्कं करा. जाणं-येणं एकाच तिकिटावर असू द्या. दोन वेगळी तिकिटं असली आणि पहिलं विमान उशिरा पोहोचलं तर पुढचं चुकल्याची जबाबदारी कुणीच घेत नाही, शिवाय बॅगेसाठी मधल्या देशात प्रवेश करावा लागू शकतो.

मधल्या विमानतळावर ट्रान्झिट व्हिसा लागतो की नाही हे देशानुसार बदलतं, म्हणून तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला पासपोर्ट भारतीय असल्याचं सांगून विचारा. कॅनडामार्गे जाताना तो लागतो. अमेरिकेमार्गे जाणं टाळा, तिथून क्यूबाला जाण्यावर निर्बंध आहेत (प्रश्न 17).

7. हवानाऐवजी थेट त्रिनिदाद किंवा सांतियागोचं तिकीट का सापडत नाही? की चुकीचं दिसतंय?

बहुधा चुकीचं दिसतंय. बुकिंग साइटवर ‘त्रिनिदाद’ टाकलं की त्रिनिदाद व टोबॅगो हा वेगळाच देश समोर येतो. ते दोन हजारांहून जास्त किलोमीटर दूर, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ आहे. क्यूबाच्या त्रिनिदादला रस्त्यानेच जायचं. ‘सांतियागो’ टाकलं तर चिलीची राजधानी येते. सांतियागो दे क्यूबाचा विमानतळ कोड एस.सी.यू., चिलीचा एस.सी.एल. खोल्यांच्या साइटवरही हाच घोटाळा होतो. नावापुढे क्यूबा आहे ना, ते पाहून मगच पैसे भरा.

8. पैसे कसे न्यायचे? फॉरेक्स कार्ड चालेल का?

रोख न्या. ही या पानावरची सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. अमेरिकन बँकांची कार्डं तिथे चालत नाहीत. भारतीय बँकांची कार्डं कधी चालतात, कधी नाही, आणि वीज गेली की यंत्रंच बंद. यूपीआयचा प्रश्नच नाही. एखादं कार्ड सोबत असावं (बसचं ऑनलाइन तिकीट, काही सरकारी दुकानं), पण त्याच्या भरवशावर निघू नये.

युरो किंवा डॉलर, दोन्ही चालतात. लहान नोटा जास्त घ्या: 5, 10, 20 च्या. फाटक्या किंवा शाई लागलेल्या नोटा नाकारल्या जातात. भारतातून निघताना एका प्रवासासाठी रोख परकीय चलन 3000 डॉलरपर्यंतच घेता येतं. क्यूबात 5000 डॉलरपेक्षा जास्त रोख असेल तर जाहीर करावी लागते, म्हणजे तुम्ही आपोआप मर्यादेत आहात.

खोली, टॅक्सी, चांगलं जेवण यांचे पैसे बहुतेक ठिकाणी थेट युरो-डॉलरमध्ये घेतात. पेसो, म्हणजे क्यूबाचं चलन, फक्त फळं, कॉफी, शहरातली बस, छोटी खरेदी यांसाठी लागतात. थोडे थोडे बदला. सरकारी दर आणि बाहेरचा दर यांत तफावत असते, म्हणून घरमालकाला त्या दिवसाचा दर विचारा. रस्त्यावर अनोळखी माणसाशी नोटा बदलणं बेकायदा तर आहेच, शिवाय फसवणूक तिथेच होते. उरलेले पेसो देशाबाहेर निरुपयोगी आहेत.

9. ‘सीयूसी’ नावाच्या नोटा मिळाल्या. त्या चालतात का?

नाही. 2021 च्या चलन एकत्रीकरणात ते परिवर्तनीय पेसो रद्द झाले. कुणी सुट्टे म्हणून दिले तर परत करा. ओळखायला सोपं: त्या नोटांवर स्मारकं आहेत आणि परिवर्तनीय असा शब्द छापलेला आहे. चालू नोटांवर माणसांचे चेहरे असतात. चे गेव्हाराची तीन पेसोची नोट खरी आणि चालू आहे. पण ‘आठवण’ म्हणून कुणी ती डॉलरला विकत असेल तर तिची किंमत फक्त तीन पेसो आहे हे ध्यानात ठेवा.

10. राहायचं कुठे? हॉटेल की घरगुती खोली?

घरगुती खोली, म्हणजे कासा पार्तिकुलार. जुन्या शहरांच्या मध्यभागी हीच घरं वसाहतकालीन आहेत, उंच छत, अंगण, जुनं फर्निचर. पैसेही थेट कुटुंबाकडे जातात. दारावरची खूण पाहा: पांढऱ्यावर निळं, जहाजाच्या उलट्या नांगरासारखं चिन्ह म्हणजे परदेशी पाहुण्यांचा परवाना. लाल चिन्ह म्हणजे फक्त क्यूबन पाहुणे. तिथे तुम्हाला ठेवलं तर घरमालक अडचणीत येतो, म्हणून आग्रह धरू नका.

भाडं खोलीचं असतं, माणशी नव्हे. साधारण 20 ते 40 डॉलर धरा, नाश्ता वेगळा. पोहोचल्यावर मालक पासपोर्ट आणि व्हिसाची नोंद करतात. ती कायदेशीर अट आहे.

खोली ठरवताना तीन गोष्टी विचारा: पाण्याची टाकी आहे का, चार्जिंगचा पंखा किंवा जनरेटर आहे का, आणि मजला कितवा. तिसरा प्रश्न का, ते प्रश्न 14 मध्ये.

एक नेहमीचा प्रकार: तुम्ही आधी ठरवलेल्या घरी पोहोचण्याआधीच रस्त्यावर कुणी सांगतं, ‘ते घर भरलं, मी दुसरं दाखवतो.’ बहुतेक वेळा ते खोटं असतं. त्याला दुसऱ्या घरातून दलाली मिळते आणि ती तुमच्या भाड्यात चढते. स्वतः दार वाजवून खात्री करा.

11. एका शहरातून दुसऱ्यात कसं जायचं?

दोन खरे पर्याय.

वियासुल ही परदेशी पर्यटकांसाठीची बससेवा. तिकीट ऑनलाइन, कार्डने, आणि शक्य तितकं आधी. हवाना–सिएनफुएगोस–त्रिनिदाद मार्गाच्या जागा हंगामात लवकर संपतात. हवानातला थांबा जुन्या शहरात नाही, तो नुएवो वेदादो भागात प्राणिसंग्रहालयाजवळ आहे. टॅक्सीला वेळ धरा आणि बस सुटण्याच्या तासभर आधी पोहोचून नाव नोंदवा. नुसतं ऑनलाइन तिकीट दाखवून चढता येत नाही. बसमध्ये एसी कडाक्याचा असतो, शाल जवळ ठेवा.

कोलेक्तिवो म्हणजे सामायिक टॅक्सी. ती घरातून उचलते, घरी सोडते. कासाचे मालक फोनवर ठरवून देतात. ठरवताना स्पष्ट विचारा: भाडं माणशी की गाडीचं, एकूण किती प्रवासी, दारात सोडणार का. हवाना–त्रिनिदाद सुमारे 315 किलोमीटर, सिएनफुएगोस–त्रिनिदाद सुमारे 80. जुन्या अमेरिकन गाडीत लांबचा प्रवास दिसायला छान, पण पाठीला त्रासाचा असतो. लांब पल्ल्यासाठी नवी गाडी मागा.

रेल्वे आहे. 2019 पासून हवाना–सांतियागो मार्गावर चिनी डबे आले. पण गाडी रोज नसते आणि वेळेची खात्री नाही. स्वतः गाडी भाड्याने घेण्याचा सल्ला सध्या देता येत नाही: पेट्रोल मिळवण्यात दिवस जातात, आणि रात्री बिनदिव्याच्या रस्त्यावर जनावरं, सायकली, घोडागाड्या असतात.

12. पत्ते समजत नाहीत. घर कसं शोधायचं?

क्यूबन पत्त्यात रस्ता, घर क्रमांक आणि मग ‘एन्त्रे’ (दोन आडव्या रस्त्यांच्या मधे) किंवा ‘एस्किना’ (कोपऱ्यावर) असं येतं. आडव्या रस्त्यांची नावंच खरी खूण, घर क्रमांक नंतर पाहा. सांतियागोत रस्त्यांना जुनी आणि नवी अशी दोन नावं आहेत आणि लोक जुनंच सांगतात, म्हणून दोन्ही लिहून ठेवा. सिएनफुएगोस सर्वांत सोपं: उत्तर-दक्षिण रस्त्यांना विषम क्रमांक, पूर्व-पश्चिम रस्त्यांना सम. मुख्य रस्ता प्रादो म्हणजे 37 क्रमांक. कामाग्वेत मात्र ऑफलाइन नकाशा उघडा ठेवूनच चाला.

13. शाकाहारी माणसाचे हाल होतील का?

उपाशी राहणार नाही, पण तेच तेच खावं लागेल. भात, काळा घेवडा, युका आणि मलांगा हे कंद, रताळं, तळलेली कच्ची केळी, अंडी, हंगामातली फळं. अडचण दिसत नाही तिथे असते: भात आणि घेवडा एकत्र शिजवलेल्या कोंग्रीत डुकराची चरबी किंवा तुकडे असू शकतात. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर हॅम आणि कोंबडी येऊ शकते, कारण अनेकांच्या लेखी मांस म्हणजे गोमांस किंवा डुक्कर. म्हणून सगळं मोजून सांगा: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन हामोन, सिन मान्तेका’. यातला शेवटचा शब्द चरबीसाठी आहे आणि तोच लोक विसरतात.

कासात सकाळीच रात्रीच्या जेवणाचं सांगून ठेवा. त्यांना बाजारातून सामान आणायला दिवस लागतो, कारण दुकानात हवं ते मिळेलच असं नाही. चिवडा, दशम्या, मेतकूट, तयार पोहे असं कोरडं काही बॅगेत असलं की बस उशिरा सुटते त्या दिवशी सोय होते. तिखटाची पुडीही न्या. क्यूबन जेवण तिखट नसतं.

14. वीज किती वेळ जाते? त्याने प्रवासात काय बिघडतं?

ऑक्टोबर 2024 पासून संपूर्ण देशाची वीजयंत्रणा अनेकदा एकदम बंद पडली आहे. पहिला मोठा फटका 18 ऑक्टोबर 2024 ला, मातान्सासचं वीजकेंद्र बंद पडल्यावर. त्याशिवाय रोजची भारनियमनं आहेतच. हवानापेक्षा इतर प्रांतांत ती जास्त वेळ चालतात.

वीज गेली की पंप बंद, म्हणून पाणीही जातं. लिफ्ट बंद. कार्डयंत्र, एटीएम, बरेचदा मोबाइल नेटवर्कही मंद. म्हणून खालचा मजला आणि गच्चीवर टाकी. डोक्याला लावायचा टॉर्च आणि 20,000 एमएएचची पॉवर बँक घ्या (ती केबिन बॅगेतच). वीजदाब मुख्यतः 110 व्होल्ट, प्लग अमेरिकन पद्धतीचे चपटे. फोनचे चार्जर बहुधा चालतात. फक्त 230 व्होल्टवर चालणारी भारतीय किटली किंवा हीटर नेऊ नका, धड तापणार नाही.

15. इंटरनेट?

सरकारी कंपनी एतेक्साचं पर्यटक सिम घ्या, ते 30 दिवस चालतं. अनेक अमेरिकन सेवा क्यूबातून उघडत नाहीत, म्हणून व्हीपीएन, ऑफलाइन नकाशे, स्पॅनिश भाषेचा ऑफलाइन अनुवाद आणि सगळी आरक्षणं निघण्याआधीच फोनमध्ये साठवा. बँकेचा ओटीपी भारतीय क्रमांकावर येणार असेल तर रोमिंग चालू असणं आवश्यक आहे. बस आणि खोलीचे पैसे घरूनच भरून टाकलेले बरे.

16. सुरक्षितता, आरोग्य आणि ठकवाठकवी?

हिंसक गुन्हे कमी आहेत. पाकीट मारणं आणि फोन हिसकावणं वाढलं आहे, विशेषतः अंधारात. जुन्या हवानात आणखी एक धोका आहे ज्याकडे पर्यटक दुर्लक्ष करतात: सज्जे आणि भिंतींचे तुकडे पडतात. खारी हवा, पाण्याने फुगलेलं जुनं बांधकाम, वर्षानुवर्षं न झालेली दुरुस्ती. मोठ्या पावसानंतर ऊन पडलं की धोका वाढतो. त्या दिवशी टेकू लावलेल्या इमारतींच्या कडेने नको, रस्त्याच्या मधून चाला.

औषधं तिथे मिळत नाहीत असंच समजा. ओआरएस, तापाच्या आणि जुलाबाच्या गोळ्या, तुमची नेहमीची औषधं पूर्ण दिवसांची आणि चार दिवस जास्त. डेंग्यू, ओरोपुश आणि चिकुनगुनियाच्या साथी अलीकडे येऊन गेल्या आहेत, म्हणून डास पळवणारं क्रीम भरपूर. पाण्यासाठी फिल्टरची बाटली. ड्रोन नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

‘आज सहकारी संस्थेची सिगार स्वस्त’ हे ऐकलं की पुढे चाला. अशी सवलत नसते, माल नकली असतो. रांगेत उभं राहताना ‘एल उल्तिमो?’ विचारा. शेवटचा माणूस हात वर करेल, तुमचा नंबर त्याच्यामागे. रांग दिसत नसली तरी असतेच.

17. आम्ही अमेरिकेत राहतो. किंवा आमचा पासपोर्ट ब्रिटिश आहे. नियम वेगळे आहेत का?

हो, आणि इथे चूक महागात पडते. अमेरिकेत राहणारे, ग्रीनकार्डधारक आणि अमेरिकन नागरिक यांना नुसत्या पर्यटनासाठी जाता येत नाही. स्वतंत्र प्रवासी सहसा ‘क्यूबन जनतेला पाठबळ’ या परवानगी-प्रकाराखाली जातात: खासगी घरात राहणं, खासगी उपाहारगृहात जेवणं, दिवसभराचा अर्थपूर्ण कार्यक्रम, आणि प्रतिबंधित यादीतली हॉटेलं टाळणं. पावत्या आणि दिनक्रम जपून ठेवा. नोंदी ठेवण्याची मुदत मार्च 2025 पासून 10 वर्षं आहे.

ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन किंवा युरोपीय पासपोर्ट असलेल्यांसाठी (ओसीआय कार्ड असलं तरीही): 12 जानेवारी 2021 रोजी किंवा त्यानंतर क्यूबात गेला असाल तर अमेरिकेला व्हिसाविना ‘एस्टा’ या ऑनलाइन परवानगीवर जाता येत नाही, पूर्ण व्हिसा काढावा लागतो. भारतीय पासपोर्टला व्हिसा तसाही लागतोच, म्हणून हा विशिष्ट तोटा त्यांना नाही.

18. त्रिनिदादहून साखर कारखान्यांच्या खोऱ्यात जावं का? चित्रात फक्त एक मनोरा दिसतो.

जरूर जावं, आणि फक्त मनोऱ्यासाठी नव्हे. त्रिनिदादचे वाडे, संगमरवरी फरशा, ब्रुनेत वाड्यातलं संग्रहालय, हे सगळं साखरेच्या पैशावर उभं आहे आणि ती साखर गुलामांनी पिकवली. मानाका इस्नागाचा सुमारे 45 मीटर उंचीचा मनोरा शेतात राबणाऱ्यांवर नजर ठेवायला आणि घंटा वाजवून त्यांच्या कामाच्या वेळा ठरवायला होता. क्यूबात गुलामगिरी 1886 पर्यंत टिकली. खोऱ्यात सत्तरहून अधिक कारखान्यांचे अवशेष आहेत. हे न पाहता फक्त रंगीत गल्ल्या पाहून परतलं तर त्रिनिदाद अर्धंच कळतं. सकाळी लवकर टॅक्सीने जा. मनोऱ्यावर लाकडी जिना आहे आणि माथ्यावर सावली असली तरी दुपारी वर चढणं असह्य होतं. शहरातल्या गोट्यांच्या रस्त्यांवर चाकाची बॅग आणि पातळ तळव्याच्या चपला निरुपयोगी आहेत.

19. परतताना सिगार आणि रम किती आणता येते?

क्यूबातून पावतीशिवाय 20 सुटे सिगार नेता येतात, मूळ मोहोरबंद खोक्यात 50 पर्यंत, त्यापुढे दुकानाची पावती हवी. पण भारतात करमुक्त मर्यादा 25 सिगारची आणि 2 लिटर मद्याची आहे, म्हणून मोजायचं ते भारताच्या नियमाने. रम चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. हातातल्या बॅगेत ठेवलेली बाटली मधल्या विमानतळाच्या सुरक्षा तपासणीत जप्त होऊ शकते, हवानाच्या ड्युटी-फ्रीमधली असली तरीही.